फक्त मेल्यावर कळवावे

अनसूया म्हणजे जिच्या मनात असूया नाही ती. हे नाव वडिलांनी बारशालाच ठेवून टाकलं होतं, थोडी वाट पाहिली असती तर दुसरं ठेवलं असतं. बार्शीला असताना एका नणंदेनं लग्नात मानाची साडी दिली नाही, म्हणून अनसूयाबाईंनी तिला शेंगदाण्याच्या चटणीची कृती सांगताना लसूण गाळला होता. नणंद तीस वर्षं ती बेचव चटणी करत राहिली आणि आपल्या हातालाच चव नाही असं समजत वारली. अनसूयाबाई तिच्या तेराव्याला गेल्या होत्या. जाताना चटणी घेऊन गेल्या, लसूण घातलेली.

अशा बाईचा बाक काढायचा म्हणजे आधी जरा चौकशी करायला हवी होती. पण भूगावच्या स्नेहांगण सोसायटीत त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं, आणि सगळी अडचण तिथंच होती.

यजमान हैबतराव बार्शीच्या कोर्टात कारकून होते. ते गेल्यावर मुलगा कौस्तुभ आईला भूगावला घेऊन आला. साल दोन हजार सहा. कौस्तुभ आणि सून क्षितिजा, दोघंही हिंजवडीला कॉम्प्युटरवर. सकाळी सूसच्या खिंडीतून जायची, अंधार पडल्यावर यायची, आणि आल्यावर दमलो म्हणून पुन्हा कॉम्प्युटर उघडायची. दिवसभर तिसऱ्या मजल्यावर अनसूयाबाईंशी बोलणारं एकच यंत्र होतं, ते म्हणजे लिफ्ट. तीही एवढंच म्हणायची की दरवाजा बंद करा, आणि ते हिंदीत.

सोसायटीच्या नावात स्नेह होता, अंगणही होतं. प्रत्यक्षात बिल्डरनं गेटाशी करंजाच्या झाडाखाली सिमेंटचा एक बाक टाकला होता, माहितीपत्रकातल्या फोटोत काहीतरी दिसावं म्हणून. अनसूयाबाईंना तो आल्या आल्याच सापडला. सकाळी पोळ्या उरकल्या की त्या खाली येऊन बसत. थोड्या वेळानं गावातली तानूबाई शेरडं घेऊन डोंगराकडे निघालेली असे. शेरडं समोरच्या रिकाम्या प्लॉटात सोडून ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेके आणि विचारी, "आक्का, आज काय क्येलं?"

अख्ख्या दिवसात हा प्रश्न अनसूयाबाईंना विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. "घेवडा," त्या सांगत, आणि घेवड्यावरून निघालेलं बोलणं शेजारच्या नांदे गावातल्या कुणाच्या तरी घरभांडणापर्यंत जाऊन पोचे. हळूहळू बाक भरू लागला. शाळेच्या बसची वाट बघणारी एक आई टेकू लागली. वॉचमन भिवाजी काठीवर हनुवटी ठेवून उभा राहू लागला. गॅसवाला सिलिंडर उभा करून त्यावरच बसे. बार्शी सोडल्यापासून अनसूयाबाईंना पहिल्यांदाच असं वाटलं, की आपण एखाद्या दिवशी खाली आलो नाही तर कुणीतरी विचारील.

आणि एका सकाळी त्या खाली आल्या, तर बाक नव्हता. बाकाच्या जागी क्रोटनच्या कुंड्या होत्या.

"बाक कुठाय रे भिवाजी?"

"पंपाच्या खोलीमागं. उपडा टाकलाय. मीच वडला, गडी लावून. मला वरनं सांगितलं."

"वरून म्हणजे कुणी?"

भिवाजीनं वर पाहिलं. वर पाच मजले होते आणि त्यावर आभाळ होतं. "कंप्युटरवर ठरलं म्हणं," तो म्हणाला.

त्याच दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर नवी सूचना आली. सेक्रेटरी निषादनं ती फोनवरून सांगितली होती आणि भिवाजीनं ऐकून लिहिली होती. भिवाजीचं अक्षर फार वळणदार. त्यानं लिहिलं होतं: सर्व सभासदांना कळविण्यात येते की कोणतीही तक्रार सेक्रेटरींना समक्ष सांगू नये. फक्त मेल्यावर कळवावे.

अनसूयाबाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं, पदर खोचला आणि संध्याकाळी निषादच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. निषाद मूळचा अकोल्याचा, पहिल्या मजल्यावर, गेटाच्या बरोबर वर राहायचा. त्यानं दार साखळीपुरतं उघडलं. कानात वायर होती.

"आजी, मी कॉलवर आहे."

"बाक का काढला?"

"पोल घेतला ना मेलच्या ग्रुपवर. सगळ्यांनी हो म्हटलंय."

"मला कुणी विचारलं नाही."

"तुम्ही ग्रुपवर नाही आजी."

"मी बाकावर होते."

निषादनं विचार केल्यासारखा चेहरा केला, पण तो कानातल्या माणसासाठी होता. "यस, यस, गो अहेड," तो म्हणाला, आणि मग फटीतून, "जे काय असेल ते मेलवर कळवा ना, प्लीज." दार लागलं.

जेवताना अनसूयाबाईंनी मुलाला विचारलं, "तू काय म्हणालास मतदानात?"

कौस्तुभनं पोळीचा तुकडा फार काळजीनं तोडला. "मी ॲबस्टेन केलं."

"म्हणजे काय केलं?"

"म्हणजे मी काहीच म्हटलं नाही."

"त्याला इंग्रजी शब्द आहे होय? तू लहानपणापासून करतोयस ते."

क्षितिजा आमटीत तोंड घालून हसली. मग तिनंच सांगितलं. निषादनं लिहिलं होतं की काही ज्येष्ठ सभासदांमुळे प्रवेशद्वाराचा आठवडी बाजार झाला आहे, बाहेरच्या व्यक्ती आणि जनावरं येतात, सुरक्षिततेचा आणि स्वच्छतेचा प्रश्न आहे. त्याखाली एकामागून एक सगळ्यांनी 'सहमत' लिहिलं होतं.

"बाजार," अनसूयाबाई म्हणाल्या. "ही सगळी माणसं माझ्या समोरून रोज जातात. मला नमस्कार करतात. एकालाही असं झालं नाही की बाकापाशी थांबावं आणि म्हणावं, बाई, उठा इथून."

"तोंडावर कसं म्हणणार आई," कौस्तुभ म्हणाला. "तू एक मेल कर. मी टाइप करून देतो. फळ्यावर चुकलंय ते. मेल्यावर नाही, मेलवर."

"चुकलंय तर पुसा. पुसत नाही तोवर लिहिलंय ते लिहिलंय." एका वेलांटीपायी लोकांची जमीन गेलेली हैबतरावांनी पाहिली होती, आणि ती घरी येऊन नीट समजावून सांगितली होती.

"मग काय करणार तू?"

अनसूयाबाईंनी ताट सारलं. "मरते," त्या म्हणाल्या. "शनिवारी."

"शनिवारी का?"

"म्हणजे दहावा सोमवारी येतो. सोमवारी सगळ्यांना ऑफिसची घाई असते ना?"

मरणाची तयारी त्यांनी पद्धतशीर केली. मतदार ओळखपत्रावरचा फोटो पौड रस्त्यावरच्या स्टुडिओत मोठा करायला टाकला. त्या फोटोत त्या आधीच गेल्यासारख्या दिसत होत्या, त्यामुळे काम सोपं झालं. स्टुडिओवाला म्हणाला, "काकू, ओठ जरा हसरे करू का? कॉम्प्युटरवर होतं."

"नको. मी रागावून गेलेय."

कुठं, ते त्यानं विचारलं नाही.

कळवण्याचं काम क्षितिजानं केलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिची पहिल्यांदाच करमणूक होत होती. कौस्तुभचा कॉम्प्युटर उघडाच होता. "दुःखद निधन लिहू, की अल्पशा आजारानं?"

"अपमानानं लिही."

"तसं लिहीत नाहीत आई."

"मग अल्पशा अपमानानं लिही."

क्षितिजानं लिहिलं: श्रीमती अनसूया हैबतराव ढगे यांचे अल्पशा अपमानाने दुःखद निधन. दशक्रिया विधी सोमवार दिनांक अमुक, सकाळी, सोसायटीच्या गेटात. सर्वांनी समक्ष यावे. शुद्धलेखन तपासलं आणि पाठवून दिलं.

अर्ध्या तासात शोकसंदेशांचा ढीग पडला. कुणी 'आत्म्यास शांती', कुणी नुसतीच तीन इंग्रजी अक्षरं. एकानं सवयीनं 'सहमत' लिहिलं.

हार घातलेला फोटो अनसूयाबाईंनी स्वतः खाली नेला आणि लिफ्टशेजारी स्टुलावर ठेवला. पुढं पणती लावली, आणि पणती विझू नये म्हणून शेजारी खुर्ची टाकून बसल्या. संध्याकाळी माणसं ऑफिसातून येत, फोटोला हात जोडत, मग त्यांच्याकडे वळून "नमस्कार आजी" म्हणत, आणि लिफ्टचं बटण दाबत. दोन्ही चेहरे एकच आहेत हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण त्यातल्या एकाकडेही कुणी आजवर नीट बघितलेलं नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी थांबून विचारलं, "कोण हो या? तुमच्या ओळखीच्या होत्या का?"

"होत्या."

"कशा होत्या स्वभावानं?"

"वाईट," अनसूयाबाई म्हणाल्या. "फार डूख धरायच्या."

"अरेरे," गृहस्थ म्हणाले. वर जाऊन त्यांनी ग्रुपवर लिहिलं की एक प्रेमळ व्यक्तिमत्त्व हरपलं.

इथवर अनसूयाबाईंना गंमत वाटत होती. पण एक गोष्ट त्यांनी धरली नव्हती. तिसऱ्या मजल्यावर कुणी आलं नाही. कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलं, आणि त्या घरात जाऊन खाली मान घालून पाच मिनिटं बसावं, इतकं साधं काम करायला एकही माणूस वर चढला नाही, लिफ्ट असून. त्यांनी चहासाठी जास्तीचं दूध घेऊन ठेवलं होतं. मेलेल्या बाईनं स्वतःच्या समाचाराला आलेल्यांना चहा करावा की करू नये, हा विचारही करून ठेवला होता, करावा असं ठरवलं होतं. दूध तसंच राहिलं. शेवटी त्यांनी त्याला विरजण लावलं आणि म्हणाल्या, "आता मात्र सोडत नाही."

सूड त्यांनी घरापासून सुरू केला. तीच बातमी क्षितिजाकडून कौस्तुभच्या ऑफिसलाही धाडली. कौस्तुभ सोमवारी दुपारीच परत आला, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ. "आई, ऑफिसनं मला रजा दिली. मॅनेजरनं मिठी मारली. मी आता काय करू?"

अनसूयाबाई शेंगा सोलत राहिल्या. "मेलेली माणसं उत्तर देत नाहीत," त्या म्हणाल्या. "मेल कर."

"आणि दहाव्याला दाढी काढावी लागते," क्षितिजानं आठवण करून दिली.

कौस्तुभनं हनुवटीवर हात ठेवला. तिथं त्यानं मोठ्या कष्टानं फ्रेंच कट वाढवली होती. "पण मी तर ॲबस्टेन केलं होतं."

"म्हणून मिशा ठेवतेय," अनसूयाबाई म्हणाल्या.

तानूबाईला हे सगळं पटलं नव्हतं. "जित्त्या मानसाचा दहावा घालत न्हाईत, आक्का. कावळा फसंल."

"फसू दे. मला फसवलं तेव्हा कुणाला वाईट वाटलं?"

गुरुजी कुणी मिळाले नाहीत. गेलेल्या बाई स्वतः बसणार आहेत असं सांगितलं की ते फोन ठेवून देत. तेव्हा दहाव्याच्या सोमवारी सकाळी अनसूयाबाईंनी स्वतःच गेटाच्या उतारावर, बरोबर मधोमध, शेणानं सारवून घेतलं, त्यावर पान मांडलं, पानावर भाताचा पिंड आणि पिंडावर काळे तीळ. कौस्तुभला उघड्या अंगानं आणि गुळगुळीत हनुवटीनं शेजारी बसवलं. फोटो मागे भिंतीला टेकवला आणि फोटोखाली स्वतः बसल्या. तानूबाईनं शेरडं प्लॉटात बांधली होती. "पिंड खाऊन टाकतील," ती म्हणाली, "त्येंला काय, कुणाचा बी चालतोय."

पहिली गाडी निषादची आली. शेजारी बायको सुनीती. निषादनं हॉर्न दिला. भिवाजी काचेपाशी गेला.

"सायेब, पिंड हाय."

"मग बाजूला घे."

"मी? माझ्या घरात लेकरं हायेत."

निषाद म्हणाला, हे सगळं थोतांड आहे, एकविसावं शतक आहे, मी गाडी काढतो. त्यानं गाडी पुढे घेतली. सुनीतीनं हँडब्रेक ओढला.

"सुनीती, तू इंजिनिअर आहेस."

"माझी आई हार्ट पेशंट आहे," सुनीती म्हणाली. या दोन वाक्यांचा संबंध काय ते निषादला कळलं नाही, पण गाडी पुढे गेली नाही.

मागे दुसरी गाडी लागली, मग तिसरी, मग पार पार्किंगच्या आतपर्यंत रांग. सगळ्यांनी हॉर्न वाजवून पाहिले. पिंडावर काही परिणाम झाला नाही. मग एकेक दार उघडून माणसं खाली उतरली आणि गेटाशी गोळा झाली. सोसायटी झाल्यापासून इतकी माणसं एका वेळी एकमेकांना कंबरेखालीसुद्धा दिसली नव्हती, एरवी ती काचेच्या वरच दिसायची.

"पण गेलंय कोण?" कुणीतरी विचारलं.

"मी," अनसूयाबाई म्हणाल्या.

लोकांनी फोटो बघितला, मग त्यांना बघितलं. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ दोन पावलं मागे सरले.

"आजी, तुम्ही जिवंत आहात," निषाद म्हणाला.

"फळ्यावर काय लिहिलंय? तक्रार मेल्यावर कळवायची. आलेय कळवायला."

"अहो ते मेलवर आहे. स्पेलिंग मिस्टेक आहे ती."

"मग इतक्या दिवसांत खोडलं का नाही कुणी?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. फळा कुणी वाचतच नव्हतं. सगळे ग्रुपवर होते.

"बरं, आता काय करायचं?"

"आता कावळा शिवला की जा," अनसूयाबाई म्हणाल्या.

कावळा आलेला होता. कंपाउंडच्या भिंतीवर बसून तो गाड्यांकडे बघत होता. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलेली असते, ती ओळखून मोठ्यानं कबूल करायची असते, हे सगळ्यांना आपापल्या गावाकडून माहीत होतं. निषाद पुढे झाला. घसा साफ केला. "ओके. बाक परत लावण्याबाबत पुढच्या मीटिंगमध्ये सकारात्मक विचार करू."

कावळ्यानं पाठ फिरवली.

"त्येला बी मेल धाडा, सायेब," तानूबाई म्हणाली.

एका मुलानं सांगितलं, की त्यानं नेटवर वाचलंय, अशा वेळी दर्भाचा कावळा करून शिववतात, तो चालतो.

"तुम्हाला सगळं दर्भाचंच चालतं," अनसूयाबाई म्हणाल्या. "मला खरा पाहिजे."

ऊन वर आलं. माणसं सावलीला, म्हणजे करंजाखाली, सरकली. एकानं मॅनेजरला फोन लावला आणि इंग्रजीत सांगितलं की कावळ्याची वाट बघतोय. पलीकडून विचारणा झाली, की हा कोणत्या टीममधला. दोन गृहस्थ वर्षभर ग्रुपवर पार्किंगच्या पांढऱ्या रेघेवरून भांडत होते, एकमेकांना 'महोदय' म्हणत होते आणि वकिलाची भाषा वापरत होते. ते करंजाखाली एकमेकांसमोर आले तेव्हा लक्षात आलं, की आपण रोज सकाळी मानस तलावापर्यंत जोडीनं पळायला जातो.

"म्हणजे बी दोनशे तीन तू आहेस?"

"मी तुला नाव कधी विचारलंच नाही रे."

"तू मला नीच म्हणाला होतास."

"तुला नाही. बी दोनशे तीनला."

बाकीच्यांनीही कावळ्यासमोर कबुल्या द्यायला सुरुवात केली. एकीनं सांगितलं, की पोलच्या वेळी ग्रुपवर लेंड्यांचा फोटो तिनं टाकला होता, पण त्या शेरडांच्या नव्हत्या, तिच्या मुलाच्या चॉकलेटच्या गोळ्या सांडल्या होत्या. एकानं सांगितलं, की त्यानं पोल न वाचताच हो म्हटलं, त्याला वाटलं केबलबद्दल आहे. बाकाची आठवण तर सगळ्यांनीच काढली, लावूच म्हणाले, आजच लावू. अनसूयाबाई प्रत्येकाचं ऐकून घेत होत्या आणि मान हलवत नव्हत्या. मेल्यापासून त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. कावळा भिंतीवर चोच घासत बसला.

निषादचा फोन पुन्हा वाजला. त्यानं तो बंद केला, घड्याळ बघितलं, कावळा बघितला आणि मग त्याचं काहीतरी तुटलं.

"आजी, ऐका आता," तो म्हणाला. त्याचा आवाज अकोल्याला जाऊन आल्यासारखा निघाला. "सुरक्षितता, स्वच्छता, काही नाही. तो बाक माझ्या खिडकीखाली येतो. मी रविवार सोडून रोज रात्रभर अमेरिकेशी बोलतो, पहाटे आडवा होतो, आणि जरा डोळा लागला की तुम्ही दोघी सुरू. तुमचा आवाज नाही तो, भोंगा आहे. घेवड्यात काय घातलं मला ऐकू येतं. कुणाच्या सुनेला कितव्या महिन्यात काय झालं ते ऐकू येतं. मी डोक्यावर उशी घेऊन लोकांच्या मूळव्याधी ऐकतो. तुम्ही अत्यंत त्रासदायक बाई आहात. जिवंतपणी मला तुमचा राग यायचा, आणि आता मेल्यावरही येतोय."

सुनीतीनं ओढणीनं तोंड पुसलं.

"शिवला," भिवाजी म्हणाला.

कावळा पानावरून भात घेऊन भिंतीवर परत चालला होता. कुणी आपल्याकडे बघतंय का याची त्याला फिकीर नव्हती.

अनसूयाबाई निषादकडे वळल्या. "हं," त्या म्हणाल्या. "हे कसं नीट बोललास. त्या दिवशी दारात असंच म्हणाला असतास, तर मी तिथल्या तिथं बाक त्या टोकाला सरकवायला लावला असता. चहा न पिता."

"सॉरी, आजी."

"सॉरी नको. राग आलाय तो असू दे. मलाही तुझा येतो. तू लबाड आहेस, आणि बाई माणूस दारात उभी असताना साखळी काढत नाहीस."

"हो," निषाद म्हणाला.

भिवाजीनं पान उचललं, पाणी मारलं. रस्ता मोकळा झाला. निषादनं गाडीचं दार उघडलं. एक पाय आत टाकला आणि तसाच उभा राहिला.

"आजी, ती नांद्याच्या एकनाथची बायको," तो म्हणाला. "म्हैस घेऊन माहेरी गेली होती, तिचं पुढं काय झालं? बाक काढायच्या आदल्या दिवशी तुम्ही तिथंच थांबला होतात."

"म्हैस परत आली का?" सुनीतीनं गाडीतून विचारलं.

"म्हैस तिच्या बापाची होती ना पण?" दुसऱ्या मजल्यावरून उतरलेले एकजण म्हणाले. त्यांची खिडकी निषादच्या वरची.

तानूबाईनं तोंड उघडलं. "आवो, ती म्हस—"

अनसूयाबाईंनी तिचं मनगट धरलं. "गप, तानू. ही काय उभ्यानं सांगायची गोष्ट आहे?"

पंपाच्या खोलीमागून बाक आणायला इस्त्रीच्या शर्टातली आठ माणसं लागली. सिमेंट जड होतं, आणि हातांना नुसती बटणांची सवय, त्यामुळे शेवटी त्यांनी तो खांद्यावर घेतला. पुढे निषाद, मागे पार्किंगचे दोन महोदय. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ बाजूनं चालत "सावकाश, सावकाश" म्हणत होते. बाक भिंतीच्या त्या टोकाला, निषादच्या खिडकीपासून लांब ठेवला गेला. कुठं ठेवायचा ते अनसूयाबाईंनी बोटानं दाखवलं आणि दोन वेळा बदललं.

मग त्या बसल्या. दुसऱ्या टोकाला तानूबाई बसली. मधली जागा अनसूयाबाईंनी पदरानं झटकली. "बस," त्या निषादला म्हणाल्या. तो दोघींच्या मध्ये बसला. बाकीचे भोवती उभे राहिले, कुणी कुंडीच्या कडेवर टेकलं. कौस्तुभला कुणीतरी शर्ट आणून दिला.

"एकनाथचे आजोबा होते ना, बापूसाहेब," अनसूयाबाईंनी सुरुवात केली, "त्यांचं पहिलं लग्न मोडलं होतं."

"आजी, मी एकनाथच्या बायकोचं विचारलं."

"तिथंच चाललेय. बापूसाहेबांना धाकटा भाऊ होता, तो जरा तिरळा. त्याच्यासाठी मुलगी बघायला सगळे बैलगाडीतून निघाले—"

निषादचा खिसा वाजला. त्यानं फोन कानाला लावला. "यस, गुड मॉर्निंग. नो, नो, आय ॲम ऑन द वे."

अनसूयाबाई थांबल्या. हात मांडीवर ठेवून, ओठ मिटून, त्या समोरच्या प्लॉटाकडे बघत राहिल्या. भोवतीचे सगळे निषादकडे बघू लागले, आणि ते बघणं काही बरं नव्हतं. निषादनं फोन खिशात टाकला.

"कुठं होते मी?" अनसूयाबाई म्हणाल्या.

"बैलगाडीत," चार-पाच जण म्हणाले.

"जाऊ दे, तुटलं ते. पहिल्यापासून सांगते. एकनाथचे आजोबा होते ना, बापूसाहेब."

फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बापूसाहेबांचं पहिलं लग्न पुन्हा मोडायचं होतं, आणि म्हैस अजून जन्मलेलीही नव्हती.